काटेरी हेजहॉग कॅक्टस ओळखायचा कसा (काट्यांचा रंग सगळ्यात शेवटी बघा)

लेबलवर नुसतं हेजहॉग कॅक्टस लिहिलं असेल तर त्यावरून फारसं काही कळत नाही हे आधीच सांगून टाकतो. एकिनोसेरियस नावाच्या अख्ख्या वंशाला हेच नाव आहे आणि त्यात ढोबळमानाने सत्तरेक जाती येतात, वर एकिनोप्सिस (कॅक्टसचाच दुसरा वंश) विकणारे पण बिनधास्त हेच नाव चिकटवतात, आणि अमेरिकेतल्या डोंगराळ भागात वाढणाऱ्या पेडिओकॅक्टसलाही काही जण हेच म्हणतात. इथे मी त्यातली एकच जात घेतोय, एकिनोसेरियस डॅसिअकॅन्थस. हिला स्पायनी हेजहॉग म्हणतात, टेक्सास रेनबो पण म्हणतात. मूळची चिवावा वाळवंटातली, म्हणजे टेक्सासचा पश्चिम भाग, न्यू मेक्सिकोचा दक्षिण भाग आणि सीमेपलीकडे मेक्सिकोतला चिवावा, कोआविला वगैरे पट्टा. चुनखडीचे उतार हिला विशेष आवडतात.

जॉर्ज एंगलमन म्हणून सेंट लुईसमध्ये एक डॉक्टर होता, दवाखाना सांभाळून वनस्पतींवर काम करायचा, त्याने १८४८ मध्ये ही जात आणि एकिनोसेरियस हा वंश दोन्ही एकदमच मांडले, विसलिझेनस नावाच्या दुसऱ्या डॉक्टरने १८४६-४७ मध्ये उत्तर मेक्सिकोतून केलेल्या प्रवासाचा जो अहवाल छापला त्यात. इतकी जुनी आणि इतकी माहितीची जात असूनही लोक हिला ओळखताना हमखास गंडतात, आणि त्याचं कारण एकच, सगळे जण आधी काट्यांचा रंग बघतात आणि तिथेच निकाल लावून मोकळे होतात. रंग हा या जातीत सगळ्यात बेभरवशाचा पुरावा आहे. म्हणून मी क्रम उलटा लावतो, आधी वंश, मग खोड, मग एक एरिओल (काटे जिच्यातून निघतात ती छोटी गादी) नीट, मग फूल, आणि रंग राहिलाच तर शेवटी.

आधी हा एकिनोसेरियस आहे का ते ठरवा

हे पाऊल बरेच लोक गाळतात आणि मग पुढे तासभर भलत्याच जातींचे फोटो बघत बसतात. काट्यांची उभी गोलसर काठी दिसली की झाला हेजहॉग, असं नसतं. सगळ्यात पक्की खूण फुलाच्या बाहेरच्या बाजूला असते, आत नाही. फुलाची नळी, म्हणजे पाकळ्यांच्या खालचा जो भाग खोडाला जोडलेला असतो तो, एकिनोसेरियसमध्ये काटेरी असतो. त्या नळीवर पण छोटी छोटी एरिओल असतात आणि त्यातून खरे टोचणारे काटे निघालेले असतात. एकिनोप्सिसची नळी लांब आणि केसाळ असते, टोचत नाही. फेरोकॅक्टस आणि थेलोकॅक्टसच्या नळीवर खवले असतात, काटे नाहीत. मॅमिलेरियाची फुलं छोटी असतात आणि टोकाजवळ गोल कडं करून येतात, त्यांच्या नळीवर सहसा काहीच नसतं. त्यामुळे फुलाचा फोटो काढताना सगळे वरून आत कॅमेरा धरतात तसा धराच, पण एक फोटो खालून बाजूने पण घ्या, ओळख पटवायला तोच जास्त कामाचा.

दुसरी खूण स्टिग्मा, म्हणजे फुलाच्या बरोबर मध्ये जो फाटे फुटलेला भाग वर येतो तो. एकिनोसेरियसमध्ये तो हिरवा असतो, अगदी ठळक हिरवा, मग पाकळ्या पिवळ्या असोत, गुलाबी असोत नाहीतर लाल असोत. अपवाद आहेत पण इतके कमी की सुरुवातीला विसरलं तरी चालेल.

तिसरी खूण मला स्वतःला सगळ्यात आवडते आणि ती कळी येताना दिसते. बहुतेक कॅक्टसमध्ये कळी एरिओलच्या आतून सरळ बाहेर येते. इथे तसं होत नाही, कळी एरिओलच्या किंचित वर, खोडाच्या सालीखाली तयार होते, आधी तिथे नुसता फुगवटा दिसतो, साल ताणली जाते, आणि मग एक दिवस साल फाटून कळीचं काटेरी टोक बाहेर येतं. भिंग धरलं तर फाटलेल्या सालीची कड स्पष्ट दिसते. फूल गळून गेल्यावर तिथे व्रण राहतो, म्हणजे फुलांचा हंगाम हुकला तरी एरिओलच्या वरच्या अंगाला जुना व्रण सापडतो का ते बघता येतं, काटे दाट असले तर थोडं शोधावं लागतं इतकंच.

आणि हो, चीक निघाला पांढरा दुधासारखा, तर तो एकिनोसेरियस नाही, काही मॅमिलेरियांनाही असा चीक असतो पण बहुतेक वेळा ते कॅक्टससारखं दिसणारं युफोर्बिया असतं, तिथेच थांबा आणि डोळ्याला हात लावू नका, तो चीक फार त्रास देतो.

खोड

डॅसिअकॅन्थस बहुतेक वेळा एकटा उभा असतो, एकच खोड, कधी कधी दोन-चार फुटवे, पण ढिगारा करून पसरत नाही. आकार दंडगोल, उंची साधारण १० ते ३५ सेमी, जाडी ४ ते ७ सेमीच्या आसपास, जुनी झाडं याहून थोडी मोठी पण असतात. समोर पन्नास खोडांचा मोठा घुमट असेल तर तो हा नव्हे, तो बहुतेक स्ट्रॅमिनियस असेल, त्याच वाळवंटातला पण वेगळा भिडू, त्याचे काटे गवतकाडीच्या रंगाचे आणि खूपच लांब असतात.

मग कंगोरे मोजायचे, म्हणजे रिब्स. डॅसिअकॅन्थसला साधारण १३ ते २१ असतात. मोजताना काट्यांच्या गर्दीत आपण कुठून सुरू केलं तेच विसरायला होतं, म्हणून एका कंगोऱ्यासमोर मातीत टूथपिक खोचा आणि कुंडी हळूहळू फिरवत मोजा, झाड नाही, कुंडी फिरवा. मोजायचं खोडाच्या मध्यावर. टोकाला नाही कारण तिथे कंगोरे एकमेकांत मिसळलेले असतात, बुडाशी पण नाही कारण झाड लहान होतं तेव्हा कंगोरे कमी होते आणि बुडाला तोच जुना आकडा राहिलेला असतो, शिवाय तिथली साल बहुतेक सुकून भुरकट झालेली असते. एक-दोन इकडे तिकडे झालं तर डोक्याला ताप करून घेऊ नका, १४ आले की १५ याने काही बिघडत नाही, पण ८-९ आले तर मात्र ही जात नाही हे नक्की. कंगोऱ्याची कड सरळ चाकूसारखी नसते, किंचित वरखाली असते, प्रत्येक एरिओलपाशी थोडी उचललेली. एरिओल एकमेकांच्या फार जवळ असतात, अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास अंतर, आणि म्हणूनच काटे एकमेकांत गुंतून हिरवं खोड जवळपास झाकलं जातं.

एरिओल, इथे वेळ द्या

सगळा खेळ इथे आहे. एरिओल म्हणजे ती छोटीशी लवदार गादी जिच्यातून काटे निघतात, आणि एका गादीतले काटे दोन प्रकारचे असतात, कडेचे आणि मधले. कडेचे काटे गादीच्या काठावरून निघून खोडाला चिकटून आडवे पसरतात. मधले काटे गादीच्या आतल्या भागातून निघतात आणि खोडापासून दूर, बाहेर येतात. हा फरक काट्याच्या टोकाकडे बघून कळत नाही, बुडाकडे बघून कळतो. टोकं सगळी एकमेकांत अडकलेली असतात, बूड मात्र जिथे आहे तिथेच असतं.

डॅसिअकॅन्थसमध्ये एका एरिओलला कडेचे काटे साधारण १४ ते २५ आणि मधले साधारण ७ ते १२, कधी कमी कधी जास्त. म्हणजे एकूण वीसेक ते पस्तीसेक काटे एका गादीत, आणि गादी काही मिलिमीटरची. मधले काटे एका रांगेत नसतात, चारी दिशांना फुटलेले असतात, कोणी वर, कोणी खाली, कोणी सरळ तुमच्याकडे. गोल असतात, चपटे नाहीत, सरळ असतात, टोकाला हूक नसतो. लांबी सेंटिमीटरभर, कधी त्याहून जास्त. कडेचे आणि मधले यांच्यातली सीमा इथे कधी कधी धूसर असते, एखादा काटा कडेचा धरावा की मधला कळतच नाही, अशा वेळी तो दोन्हीत न धरता बाजूला ठेवा, आकड्याने काही फरक पडत नाही, मधले काटे भरपूर आहेत आणि चारी बाजूंना आहेत एवढं दिसलं की झालं.

कुठलं एरिओल निवडायचं हे पण महत्त्वाचं आहे. अगदी टोकावरची नको, तिथले काटे अजून वाढतायत, मधले काटे तर अर्धे बाहेर आलेले असतात. बुडाकडची नको, तिथले तुटलेले असतात, झिजलेले असतात, धूळ बसलेली असते. टोकापासून खाली साधारण एक तृतीयांश अंतरावरचं एखादं धडधाकट एरिओल घ्या, आणि एकावर समाधान मानू नका, तीन वेगवेगळ्या कंगोऱ्यांवरची तीन मोजा. डोळ्याने मोजणं कठीण जातं तर फोनचा मॅक्रो मोड वापरा, एरिओलच्या बरोबर समोर फोन धरून फोटो काढा आणि मग स्क्रीनवर मोठा करून काट्यांवर बोटाने खुणा करत मोजा, झाडाजवळ डोळे बारीक करून बसण्यापेक्षा हे दसपट सोपं.

आणखी एक युक्ती, याला आकडे लागत नाहीत. झाडामागे पांढरा कागद उभा धरा आणि बाजूने बघा. खोडाची कड कशी दिसते? कड गुळगुळीत दिसली, काटे सगळे खोडाला चिकटलेले, कंगव्याच्या दातांसारखे दोन्ही बाजूंना नीट ओळीत बसलेले, तर ही जात नव्हे. कड विस्कटलेली, सगळीकडून काटे बाहेर आलेले दिसले तर डॅसिअकॅन्थसची शक्यता चांगलीच वाढली. स्पायनी हेजहॉग हे नाव या विस्कटलेपणाला शोभतंही. कंगवेवाल्या जातींवर वरून खाली अलगद बोट फिरवता येतं, इथे तो प्रयोग करू नका.

ज्यांच्याशी गल्लत होते ते

इथली सगळी नावं एकिनोसेरियसच्याच जातींची आहेत. पहिला नंबर रिजिडिसिमस, म्हणजे अ‍ॅरिझोना रेनबो. गुलाबी-पांढरे आडवे पट्टे, दिसायला एकदम देखणा, आणि रुबिस्पायनस म्हणून त्याचा जो गडद किरमिजी काट्यांचा प्रकार आहे तो तर संग्रहात जिकडे तिकडे दिसतो. रेनबो हे नाव दोघांनाही असल्यामुळे गोंधळ होतो, पण ओळखायला हा सगळ्यात सोपा कारण याला मधले काटे नसतातच. शून्य. सगळे काटे खोडाला चिकटलेले. एकही काटा बाहेर येत नसेल तर पुढे बघायची गरजच नाही. फूल भडक गुलाबी-किरमिजी आणि घशात, म्हणजे फुलाच्या आत तळाशी, पांढरं.

दुसरा पेक्टिनॅटस, आणि खरी डोकेदुखी हा आहे. याला मधले काटे असतात पण थोडे, आखूड, आणि बऱ्याचदा उभ्या ओळीत. कडेचे काटे छान कंगव्यासारखे. फूल गुलाबी, आणि पाकळ्यांच्या बुडाकडे जाताना पांढरा भाग येतो. डॅसिअकॅन्थसच्या फुलात तो पांढरा भाग नसतो, घसा हिरवट असतो. आता या दोघांच्या गोंधळात पुस्तकांचा पण हात आहे, कारण एकेकाळी डॅसिअकॅन्थसला पेक्टिनॅटसचाच एक प्रकार समजून पेक्टिनॅटस व्हरायटी निओमेक्सिकॅनस असं नाव दिलेलं होतं. जुन्या पुस्तकात किंवा जुन्या लेबलवर हे नाव दिसलं तर घाबरू नका, बहुतेक वेळा तो आपलाच भिडू असतो.

तिसरा रायशेनबाकी, लेस कॅक्टस. हा टेक्सास, ओक्लाहोमा, खाली उत्तर मेक्सिको असा पसरलेला. काटे नाजूक आणि बहुतेक चिकटलेले, फूल गुलाबी, आणि फुलाच्या नळीवर काट्यांबरोबर बारीक लोकरीसारखे केस भरपूर, कोळिष्टकं लागल्यागत दिसते ती नळी. म्हणून म्हटलं ना, नळीचा फोटो घ्या.

चौथा गट म्हणजे विरिडिफ्लोरस आणि त्याची भावंडं, रसँथस वगैरे. फुलाशिवाय बघितलं तर यातल्या काही जाती इतक्या गच्च काटेरी असतात की डॅसिअकॅन्थसच वाटतात. पण फूल आलं की प्रश्नच मिटतो, अडीच-तीन सेमीची छोटी फुलं, हिरवट नाहीतर तपकिरी, आणि टोकाला न येता खोडाच्या बाजूने येतात. डॅसिअकॅन्थसचं फूल टोकाजवळ येतं आणि त्याच्या कितीतरी पट मोठं असतं. फूल नसेल तर जुने व्रण कुठे आहेत ते बघा, खोडाच्या मध्याकडे खाली आहेत की टोकाजवळ, त्यावरून बराच अंदाज येतो, फक्त हे लक्षात ठेवा की झाड वाढतं तसे टोकाजवळचे व्रण पण दरवर्षी खाली सरकतात, म्हणून सगळ्यात ताजा व्रण शोधा.

एंगलमनीचं नाव पण लोक घेतात, स्ट्रॉबेरी हेजहॉग म्हणून. तो मोहावी आणि सोनोरा वाळवंटातला, झुबक्याने वाढणारा, कंगोरे कमी, मधले काटे मोजकेच पण लांब आणि दणकट, खालचा मधला काटा चपटा आणि खाली वळलेला. एकदा तो चपटा काटा बघितलात की परत गल्लत होणार नाही.

फूल

फूल आलं असेल तर निम्मं काम झालं. डॅसिअकॅन्थसचं फूल खोडाच्या मानाने प्रचंड असतं, ७ ते १२ सेमी रुंद, म्हणजे कित्येकदा खोडाच्या जाडीपेक्षा मोठं. रानात वसंतात फुलतं. दिवसा उघडतं, रात्री मिटतं, परत दुसऱ्या दिवशी उघडतं, असं काही दिवस चालतं, त्यामुळे सकाळी लवकर बघून कळी आहे असं समजू नका, दुपारी परत या.

नेहमीचा रंग पिवळा. पाकळ्या टोकाकडे चकचकीत पिवळ्या आणि बुडाकडे हिरवट होत जाणाऱ्या, मध्ये पिवळे परागकोश घेतलेले भरपूर पुंकेसर, आणि त्यातून वर आलेला गडद हिरवा स्टिग्मा. एकिनोसेरियसमध्ये पिवळं फूल तसं कमी जातींना येतं, म्हणून काटे विस्कटलेले, खोड एकटं, आणि वर मोठं पिवळं फूल एवढं जुळलं तर बहुतेक सोक्षमोक्ष लागतो. बहुतेक म्हणतोय कारण टेनॉइड्स म्हणून कोआविलाकडची एक जात आहे तिलाही पिवळं-नारिंगी फूल येतं, पण तिचे काटे कंगव्यासारखे चिकटलेले असतात. आणि सबइनर्मिसचं फूल पण पिवळं असतं पण त्याला काटेच नावापुरते, त्याच्याशी गल्लत कोणी करणार नाही.

पण उलट बाजूने विचार करू नका, म्हणजे फूल पिवळं नाही म्हणून डॅसिअकॅन्थस नाही असं ठरवू नका. याच जातीत गुलाबी, नारिंगी, पांढरट अशी फुलं पण सापडतात. गुलाबी फूल आलं तर रंग बाजूला ठेवून घशाकडे बघा, हिरवट की पांढरा, आणि परत एरिओलकडे या.

कुंडीतल्या झाडाला फूल येतच नसेल तर बहुतेक ऊन कमी पडतंय नाहीतर हिवाळ्यात पाणी चालू आहे. या मंडळींना हिवाळ्यात थंडी आणि कोरडी विश्रांती लागते, ती मिळाली की कळ्या धरतात. ओळखीसाठी का होईना, एक हिवाळा पाणी तोडून बघा.

फळाचं थोडक्यात सांगतो. गोलसर, पिकल्यावर मळकट जांभळट, वर काटे असतातच पण पिकलं की ते सहज गळून पडतात, घासले तरी निघतात. आत गर आणि भरपूर काळ्या बारीक बिया. या वंशातल्या बऱ्याच जातींची फळं अशीच असल्यामुळे फक्त फळावरून जात ठरत नाही, वंशाची खात्री करायला मात्र ठीक.

आता रंग

काटे पांढरट राखाडी, तांबूस, गुलाबी, फिकट तपकिरी, यातलं काहीही असू शकतात आणि एकाच झाडावर यातले तीन रंग दिसू शकतात. टोकाजवळचे नवे काटे रंगीत, खाली जाल तसे ऊनपावसाने विटून राखाडी. कधी कधी खोडावर अस्पष्ट आडवे पट्टे दिसतात, पण रिजिडिसिमससारखे ठसठशीत सहसा नसतात. विटलेल्या काट्यांचा मूळ रंग बघायचा असेल तर स्प्रेने थोडं पाणी मारा, ओले झाले की रंग उठून दिसतो, सुकले की परत राखाडी. फोटोत हे सगळं अजूनच बिघडतं, कडक उन्हात पांढरे दिसतात आणि संध्याकाळी लालसर, म्हणून फोटोतल्या रंगावर कोणी छातीठोक जात सांगत असेल तर त्याचं फारसं मनावर घेऊ नका.

जिथे हे सगळं फसतं

रोपं. बियांपासून केलेली एक-दोन वर्षांची रोपं ओळखायच्या भानगडीत पडू नका. लहानपणी या वंशातल्या बऱ्याच जातींना मधले काटे नसतात किंवा नुसते नावाला असतात, सगळे काटे छोटे आणि चिकटलेले, म्हणजे डॅसिअकॅन्थस, पेक्टिनॅटस आणि रायशेनबाकी सगळे एकसारखे दिसणार. मोठं होऊ द्या. अंधारात वाढलेल्या झाडांचं पण तेच, ऊन कमी पडलं की खोड वर निमुळतं होत जातं, काटे विरळ आणि आखूड येतात, अशा झाडावर वरचा निमुळता भाग सोडून खालच्या जाड भागातली एरिओल मोजा.

आणि संकर. हा भाग मला खरंच भारी वाटतो. कॉक्सिनियस म्हणून लाल फुलांचा, गठ्ठ्याने वाढणारा एकिनोसेरियस आहे, तो आणि डॅसिअकॅन्थस दोघांचीही गुणसूत्रं ४४, म्हणजे या वंशात नेहमी जी २२ असतात त्याच्या दुप्पट. गुणसूत्रं जुळतात म्हणून जिथे दोघं शेजारी वाढतात तिथे त्यांचा संकर होतो आणि त्या संकराला पुढे बिया पण धरतात. टेक्सासमध्ये अशा झाडांना ब्रिटन आणि रोझ या अमेरिकन वनस्पतीशास्त्रज्ञांनी १९२२ मध्ये लॉइडी नावाची स्वतंत्र जात ठरवलं होतं, १९७९ मध्ये ती अमेरिकेच्या धोक्यातल्या जातींच्या यादीत पण गेली, मग दोन्ही पालक जातींचा हाताने परागसिंचन करून संकर घडवला गेला आणि ही झाडं संकरच असल्याचं सिद्ध झालं, आणि १९९९ मध्ये तिचं नाव यादीतून काढलं. आता या संकरांना रोटेरी नावाखाली धरतात, आधी गुणाकाराचं चिन्ह लावून.

आपल्या कामाचं काय, तर एकाच टेकडीवर लाल, नारिंगी, शेंदरी, गुलाबी, पिवळी अशी सगळी फुलं दिसली आणि काटे, कंगोरे सगळंच अधलंमधलं, म्हणजे डॅसिअकॅन्थसपेक्षा विरळ पण कॉक्सिनियसपेक्षा दाट, तर जबरदस्तीने एका जातीत कोंबू नका, संकर लिहा आणि मोकळे व्हा. नारिंगी फूल आणि कंगोरे दहा-बाराच्या आसपास दिसले की माझा पहिला संशय संकराचाच असतो.

फोटो आणि नोंद

दुसऱ्या कोणाला दाखवून ओळख पटवायची असेल तर एका सुंदर फोटोपेक्षा पाच साधे फोटो लागतात. एक पूर्ण झाडाचा, शेजारी पट्टी ठेवून. एक बाजूने, मागे पांढरा कागद धरून. एक एकाच एरिओलचा, इतक्या जवळून की काट्यांची बुडं दिसली पाहिजेत. फूल असेल तर एक वरून, ज्यात घसा आणि स्टिग्मा दोन्ही येतील, आणि एक खालून नळीचा. वरून काढलेला नुसता गोल गोल काट्यांचा फोटो टाकून कोणता आहे हा असं विचारलं तर कोणीही खात्रीने सांगू शकणार नाही, आणि कोणी सांगितलंच तर ते अंदाजपंचे.

रानात बघत असाल तर जागा लिहून ठेवा, चुनखडी आहे का दुसरा दगड, उंची किती, आजूबाजूला दुसरे कुठले एकिनोसेरियस आहेत, कारण शेजारी लाल फुलांचे गठ्ठे असतील तर संकराची शक्यता लगेच वाढते. अ‍ॅरिझोनाच्या पश्चिम टोकाला काही काटेरी दिसलं आणि तुम्ही त्याला डॅसिअकॅन्थस म्हणालात तर आधी जागाच तुमच्या विरोधात साक्ष देईल, तिथे तो रानात नसतोच. झाड उपटून घरी आणून मोजायचा विचार मात्र करू नका, टेक्सासमधल्या बिग बेंडसारख्या राष्ट्रीय उद्यानात तर झाड उपटणं किंवा त्याला इजा करणं बेकायदा आहे, आणि जवळपास सगळीच कॅक्टस जमात साइटीसच्या (धोक्यातल्या जातींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत असल्यामुळे देशाबाहेर न्यायला कागदपत्रं लागतात. मोजायचं ते जागेवर बसून मोजा, टूथपिक मात्र तिथे चालणार नाही कारण कुंडी फिरवता येत नाही, तिथे सुरुवातीच्या कंगोऱ्यासमोर एक खडा ठेवा आणि स्वतः झाडाभोवती फिरा.

कुंडीतल्या झाडाची ओळख पटली तरी जुनं लेबल फेकू नका, त्यावर बियांचा नंबर किंवा मूळ जागा लिहिलेली असेल तर ती कुठल्याही काट्यापेक्षा मोठा पुरावा आहे. नवीन लेबल त्याच्या मागे खोचा, त्यावर नाव, तारीख आणि कंगोरे-कडेचे-मधले असे तीन आकडे लिहा, आणि शंका असेल तर नावापुढे सरळ प्रश्नचिन्ह टाका, पुढच्या फुलाला परत बघता येईल.